१० बाय ११ च्या बेडरूममध्ये क्वीन की किंग? गादीचं माप मी कसं ठरवतो

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे पुढचे आकडे कशाबद्दल आहेत ते लक्षात राहील. बेडरूम १० फूट रुंद, ११ फूट लांब. डोकं येणार ती भिंत १० फुटांची. तिच्या समोरच्या भिंतीला ७ फूट रुंद आणि २ फूट खोल कपाट, त्याला बाहेर उघडणारी २०-२० इंची दारं. त्याच भिंतीच्या उरलेल्या ३ फुटांत खोलीचं दार. झोपणारी माणसं तीन: तुम्ही, ५ फूट १० इंच उंचीचे तुमचे पती आणि ४ वर्षांची मुलगी, जी अजून तुमच्या मध्येच झोपते. सध्याची गादी ७२ बाय ६० इंचांची, म्हणजे क्वीन आहे, ती पुरत नाही म्हणून किंग, म्हणजे ७२ इंच रुंदीची, घ्यायचं मनात आहे. दुकानदार म्हणतो, १० बाय ११ मध्ये किंग आरामात बसते.

बसते, हे खरं आहे. मी २२ वर्षं पलंग बनवतोय आणि गाद्यांची मापं घ्यायला घरोघरी जातोय. खोलीत पलंग बसलाच नाही, अशी वेळ माझ्यावर फार क्वचित आली. पलंग बसला पण कपाटाचं दार अर्धंच उघडतंय, चादर बदलायला गादीवर गुडघे टेकून चढावं लागतंय, रात्री उठणाऱ्याच्या पायाला रोज कोपरा लागतोय, अशी घरं मात्र खूप पाहिली. म्हणून मी मोजायला सुरुवात माणसांपासून करतो, मग चालायच्या वाटा मोजतो आणि त्यातून जे उरेल ते गादीला देतो. तुमच्या बाबतीत हा हिशोब मला क्वीनकडे नेतो, पण आत्ता आहे त्या क्वीनकडे नाही. का, ते सविस्तर सांगतो.

लांबीपासून सुरू करू, कारण तुमची खरी अडचण तिथेच असावी असा मला दाट संशय आहे. ७२ इंच म्हणजे बरोबर ६ फूट. तुमच्या पतींची उंची ७० इंच. कागदावर २ इंच शिल्लक दिसतात, प्रत्यक्षात काहीच उरत नाही. उशी हेडबोर्डला, म्हणजे डोक्याकडच्या उभ्या फळीला, चिकटून राहत नाही, त्यामुळे डोक्यामागे दोन-तीन इंच जातात. पाठीवर झोपलं की पावलं पुढे झुकतात आणि शरीराची लांबी उभ्या उंचीपेक्षा वाढते. मग हा माणूस नकळत दोनच गोष्टी करू शकतो: पाय दुमडून झोपणं किंवा तिरकं झोपणं. तो तिरका झाला की शेजारच्याची रुंदी कमी होते, आणि घरात सगळे म्हणू लागतात की गादी अरुंद आहे. लांबी कमी पडल्याची तक्रार बहुतेक वेळा रुंदीची तक्रार बनूनच माझ्याकडे येते. आज रात्री जरा लक्ष द्या. ते तिरके झोपत असतील तर तुमचं निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

माझा नियम साधा आहे. घरातल्या सर्वांत उंच माणसाच्या उंचीत निदान ५ ते ६ इंच मिळवायचे आणि येईल ती लांबी किमान समजायची. ७० अधिक ६ म्हणजे ७६. बाजारात ७२, ७५ आणि ७८ इंच या लांब्या सहज मिळतात, तेव्हा तुम्हाला ७८ हवी. ५ फूट ५ इंचांपर्यंतच्या माणसाचं ७२ मध्ये भागतं. त्याहून उंच कोणी असेल तर मी ७२ इंची गादी सुचवतच नाही, मग खोली कितीही लहान असो. रुंदीत तडजोड करून माणूस झोपू शकतो. पाय बाहेर लोंबत असतील तर शांत झोप लागत नाही.

आता रुंदी. गादीची रुंदी भागिले झोपणारी माणसं, एवढाच भागाकार करून बघा. ४८ इंची गादीवर दोघं झोपले तर प्रत्येकाच्या वाट्याला २४ इंच येतात. तान्ह्या बाळाच्या पाळण्यासारख्या पलंगाची गादी साधारण २८ इंच रुंद असते, म्हणजे या गादीवर मोठ्या माणसाला बाळाहून कमी जागा मिळते. ४८ इंची गादीला ‘डबल’ म्हणून विकतात. माझ्या मते ती एकाच माणसाची ऐसपैस गादी आहे. ६० इंचांवर दोघांना ३०-३० इंच मिळतात. ७२ वर ३६-३६, म्हणजे प्रत्येकाला पूर्ण सिंगल गादी.

तुम्ही तिघं आहात. ६० भागिले ३ म्हणजे २०. ७२ भागिले ३ म्हणजे २४. हे आकडे नीट बघा. ज्या किंगसाठी खोलीची एक फूट रुंदी द्यायला तुम्ही तयार आहात, ती प्रत्येकाला फक्त ४ इंच वाढवून देते आणि तेही बाळाच्या गादीपेक्षा कमीच ठरतात. शिवाय चार वर्षांचं मूल लहान असलं तरी कमी जागा घेत नाही. ते आडवं होतं, गोल फिरतं, लाथा मारतं. तिघांसाठी एक गादी हा प्रश्न किंगने सुटत नाही, थोडा पुढे ढकलला जातो. आणि मुलगी दोन-चार वर्षांत वेगळी झोपू लागेल. चांगली गादी आठ-दहा वर्षं वापरली जाते, तेव्हा आजच्या गर्दीवर माप ठरवलं तर पुढची बरीच वर्षं खोली विनाकारण अडून राहील.

दोघांना ३० इंच पुरतात का, हे कुणी तिसरा सांगू शकत नाही. त्यासाठी एक सोपी चाचणी करा. जमिनीवर पाठीवर झोपा, दोन्ही तळहात डोक्याखाली घ्या, कोपरं बाहेर सोडा आणि एका कोपरापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर मोजून घ्या. मग कुशीवर वळा, गुडघे नेहमीच्या सवयीने दुमडा आणि पाठीपासून गुडघ्यापर्यंत मोजा. दोघांचंही माप घ्या. कुशीवर अंग आखडून झोपणाऱ्याला ३० इंच मजेत पुरतात. हातपाय पसरून झोपणाऱ्याला ३६ लागतात. दोघांपैकी एकच पसरणारा असेल तर ६० मध्ये जमतं. दोघंही पसरणारे असतील तर खोलीत थोडी अडचण सोसूनही मी ६० पेक्षा रुंद घ्या म्हणेन. शेजारचं माणूस खूप हलल्यामुळे झोप मोडत असेल तर केवळ रुंदी वाढवून पुरत नाही, हेही इथेच सांगतो. जोडलेल्या स्प्रिंगच्या गादीवर एकाची हालचाल दुसऱ्यापर्यंत पोचते, ती गादी रुंद असली तरी. फोम, लॅटेक्स (रबराचा फोम) किंवा सुट्या पिशव्यांतल्या स्प्रिंगची गादी ही हालचाल बरीच जिरवते.

आता खोलीकडे येऊ. इथे सगळ्यांची एक चूक होते: हिशोबात गादीचं माप धरतात आणि पलंगाचं विसरतात. गादी ७२ बाय ७८ असली तरी पलंगाचं बाहेरचं माप त्याहून मोठं असतं. बाजूच्या पट्ट्या दोन्हीकडे दीड-दोन इंच खातात. साधा हेडबोर्ड ३-४ इंच, गादीवाला जाड हेडबोर्ड ५ इंच, कप्प्यांचा हेडबोर्ड ८ ते १२ इंच. पायाकडची फळी आणखी २-३ इंच. कधी कधी गादी आणि पलंग यांच्या बाहेरच्या मापात फूटभराचा फरक पडतो आणि तो फूट नेमका चालायच्या वाटेतूनच जातो.

तुमच्या खोलीची रुंदी १२० इंच. किंग गादीचा पलंग बाहेरून ७६ धरू. उरले ४४. पलंग मधोमध ठेवला तर दोन्ही बाजूंना २२-२२ इंच. क्वीनचा पलंग ६४ धरू, उरतात ५६, म्हणजे २८-२८. हा ६ इंचांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. २२ इंचांत माणूस जातो, पण हातात कपड्यांचा गठ्ठा असेल तर आडवं होऊन जावं लागतं, आणि बाजूला छोटं टेबल ठेवलं की वाट जवळजवळ बंद होते. २८ मध्ये सरळ चालता येतं आणि उशाशी १६ इंची टेबलही राहतं. मी साधारण २४ इंच ही किमान वाट मानतो, ३० इंच सुखाची. जिथे उभं राहून काही उघडायचं असतं, म्हणजे कपाट किंवा खण, तिथे ३६ इंच असावेत.

इथे एक बारकावा आहे जो नुसत्या आकड्यांत दिसत नाही. माणसाला सर्वांत जास्त रुंदी लागते ती खांद्यांपाशी, आणि पलंग असतो गुडघ्याच्या उंचीला. त्यामुळे भिंत आणि पलंग यांच्यामधली २४ इंचांची वाट चालायला मोकळी वाटते, कारण एक खांदा पलंगाच्या वरून मोकळा जातो. दोन उंच कपाटांच्या मधली २४ इंचांची वाट मात्र अंगावर येते. म्हणूनच पायाकडे उंच फळी असलेला पलंग लहान खोलीत मी कधी बनवत नाही. ती फळी खोलीचे तीन इंच खाते आणि वरची मोकळी जागाही खाते.

तुमच्या खोलीची लांबी १३२ इंच. त्यातून कपाटाचे २४ गेले, उरले १०८. ७८ इंची गादी, तिला ४ इंची हेडबोर्ड आणि ३ इंची पायाकडची फळी असा नेहमीचा पलंग केला तर ८५ इंच होतात आणि कपाटासमोर २३ उरतात. २० इंचांचं दार त्यात उघडेल, पण दार उघडल्यावर तुम्ही उभं कुठे राहणार? आता तोच पलंग दीड इंची सपाट हेडबोर्डचा करा आणि पायाकडे एक इंचाचीच पट्टी ठेवा, गादीच्या खाली राहणारी. पलंग साडेऐंशी इंचांचा होतो, कपाटासमोर साडेसत्तावीस उरतात. गादीतून एक इंचही कमी न करता साडेचार इंच मिळाले. कपाटाची दारं सरकती करून घेतलीत तर त्या साडेसत्तावीस इंचांत व्यवस्थित उभं राहता येईल. पैसे खर्च करायचेच असतील तर किंग गादीवर घालण्यापेक्षा त्या दारांवर घाला, असं मी मनापासून सांगेन.

बॉक्स बेडचा, म्हणजे खाली सामान ठेवायच्या पलंगाचा, विचार असेल तर आणखी एक मोजणी करावी लागते. बाजूने ओढायचे खण साधारण १८ ते २४ इंच बाहेर येतात, आणि ते ओढणारा माणूस त्यांच्यापुढे वाकून बसणार. २८ इंचांच्या वाटेत हे जमत नाही. लहान खोलीत सामानासाठी पलंग वापरायचा असेल तर गादीसकट वर उचलायचा, हायड्रॉलिक दांड्यांचा पलंग बरा. मात्र त्या दांड्या गादीच्या वजनानुसार निवडाव्या लागतात, हे पलंग बनवणाऱ्याला आधी सांगा. जड लॅटेक्सची गादी आणि हलक्या गादीसाठी बसवलेल्या दांड्या असं झालं, तर पलंग उचलायला दोन माणसं लागतात.

मुलीचं काय करायचं, हा तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि त्यावर माझं उत्तर असं. क्वीनचा पलंग सध्या दारापासून लांबच्या भिंतीला चिकटवा. भिंतीशी इंचभर फट धरली तरी दुसऱ्या बाजूला ५५ इंच उरतात. पलंगाखाली चाकांवर सरकणारा बुटका पलंग करून घ्या, जो दिवसा आत जाईल आणि रात्री बाहेर येईल. त्यावर २८ बाय ६० इंचांची ४-५ इंच जाडीची गादी. तो बाहेर आल्यावर साधारण ३० इंच घेतो, म्हणजे रात्रीही २५ इंचांची वाट मोकळी राहते. मुलगी आईच्या हाताच्या अंतरावर असेल, पण स्वतःच्या गादीवर. तिची गादी जमिनीपासून फूटभरच उंच असल्यामुळे झोपेत घरंगळली तरी फारसं लागत नाही. चार-पाच वर्षांनी तिची खोली वेगळी झाली की मोठा पलंग भिंतीपासून ओढून मधोमध ठेवा, दोन्हीकडे २८-२८ इंच. एकच पलंग, दोन मांडण्या. किंगमध्ये हे शक्य नाही: भिंतीला चिकटवूनही ४३ इंच उरतात, त्यातून खालचा पलंग बाहेर आला की १३ इंच. रात्री पाणी प्यायला उठायचं तर लेकीला ओलांडून जावं लागेल.

असा पलंग सांगताना एक गोष्ट सुताराच्या हातावर सोडू नका. ६० इंच किंवा त्याहून रुंद पलंगाला मधोमध आधाराची पट्टी आणि तिला खाली पाय लागतो, नाहीतर वर्ष-दोन वर्षांत मध्ये झोळ येतो. खालून सरकणाऱ्या पलंगासाठी जागा करायची म्हणून तो मधला पाय काढून टाकलेले पलंग मी दुरुस्त केलेत. पाय राहू द्यावा आणि खालचा पलंग त्या पायापर्यंतच जाईल असा करावा. म्हणूनच मी २८ इंच म्हणतोय, ३६ नाही.

भिंतीला चिकटलेल्या पलंगाचा तोटा लपवणार नाही. आतल्या बाजूला झोपणाऱ्याला रात्री उठताना पायाकडून सरकत यावं लागतं आणि चादर खोचताना पलंग थोडा ओढावा लागतो. पलंगाच्या पायांखाली जाड नमद्याचे गोल चिकटवले तर तो एका माणसाला ओढता येतो. काही वर्षांसाठी हे चालून जातं. घरात वयस्कर माणूस असेल, गुडघे दुखत असतील किंवा रात्री वरचेवर उठावं लागत असेल, तर मात्र दोन्ही बाजूंना वाट असल्याशिवाय पलंग मांडू नये.

हे मी एका घरी शिकलो. आजींच्या खोलीसाठी घरच्यांनी प्रेमाने मोठा पलंग करून घेतला, नातवंडंही शेजारी झोपतील म्हणून. माप मीच घेतलं होतं, वाट १८ इंच उरत होती आणि मी ते त्यांना सांगितलंही होतं. पण आजी कशा चालतात, हे मी विचारलं नाही. त्या वॉकर घेऊन चालत होत्या. वॉकर साधारण २४ इंच रुंद असतो. त्यांना तो पायाशी ठेवून पलंगाला धरत धरत उशापर्यंत जावं लागायचं. तीन महिन्यांनी तो पलंग काढून तिथे ३६ इंचांचा पलंग लावला, दोन्हीकडे मोकळी जागा ठेवून. तेव्हापासून माणसं मोजायची म्हणजे नुसती उंची विचारायची नाही, रात्री कोण किती वेळा उठतं आणि कशाच्या आधाराने चालतं, हेही मी विचारतो. चाकाची खुर्ची असेल तर पलंगाच्या निदान एका बाजूला ३६ इंच हवेत आणि खुर्ची वळवायला कुठेतरी ६० इंच व्यासाची मोकळी जागा हवी.

उंचीचंही थोडक्यात सांगतो, कारण ती गादीच्या जाडीशी बांधलेली आहे. पलंगाच्या काठावर बसल्यावर पावलं पूर्ण जमिनीला टेकली पाहिजेत आणि गुडघे साधारण काटकोनात आले पाहिजेत. बहुतेकांसाठी जमिनीपासून गादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत २० ते २२ इंच योग्य ठरतात. आधी १६ इंच उंच पलंग केला आणि मग १० इंच जाड गादी आणली की बुटक्या माणसाचे पाय लोंबतात. म्हणून जाडी आधी ठरवा, पलंगाची उंची नंतर. दुमजली पलंगात तर जाडी हा सुरक्षिततेचा प्रश्न होतो: वरच्या गादीच्या पृष्ठभागापासून कठड्याची वरची कड निदान ५ इंच उंच राहिली पाहिजे, म्हणजे वर पातळच गादी हवी.

नावांवर विश्वास ठेवू नका. ‘किंग’, ‘क्वीन’, ‘डबल’ ही विक्रीची नावं आहेत आणि जागोजागी त्यांचे अर्थ बदलतात. अमेरिकेत किंग म्हणजे ७६ बाय ८० इंच. ब्रिटनमध्ये किंग म्हणजे १५० बाय २०० सेंटिमीटर, जी इंचांत साधारण ५९ बाय ७९ होते, म्हणजे अमेरिकेतल्या क्वीनएवढी. ‘कॅलिफोर्निया किंग’ नावाची गादी लांबीला ८४ इंच असते पण रुंदीला ७२, म्हणजे साध्या अमेरिकन किंगपेक्षा अरुंद. भारतात किंग म्हटलं की बहुधा ७२ इंच रुंदी, पण लांबी ७२, ७५, ७८ यांपैकी काहीही असू शकते. एकाच नावाच्या तीन गाद्या, आणि पलंग एकालाच बसणारा. मागणी नोंदवताना इंचांत किंवा सेंटिमीटरमध्ये लांबी, रुंदी आणि जाडी लिहूनच द्या, आणि कुठला आकडा लांबीचा तेही लिहा. ७२ बाय ६० आणि ६० बाय ७२ यांत गोंधळ होत नाही, पण ७५ बाय ७२ मध्ये होतो, आणि छापील नक्षीची दिशा उलटी आली की मग लक्षात येतं.

पलंग आधीच असेल तर गादीसाठी मोजायचं ते आतलं माप, पट्टीपासून पट्टीपर्यंत. डोक्याकडे, मध्ये आणि पायाकडे अशा तीन ठिकाणी रुंदी मोजा, कारण लाकडी पलंग थोडा वाकडा असणं अगदी साधी गोष्ट आहे. तिन्हींतलं सर्वांत लहान माप धरा आणि त्यातून एकूण अर्धा इंच कमी करा. गादी बोटभर सैल असली तर बिघडत नाही; दाबून बसवावी लागली तर ती मध्ये फुगते आणि कडा लवकर मरतात. तान्ह्या बाळाच्या पलंगाला मात्र उलट काळजी घ्यायची. तिथे गादी आणि कठडा यांच्या फटीत दोन बोटांहून जास्त काही जाता कामा नये. आणि तान्हं बाळ मोठ्यांच्या मऊ गादीवर मध्ये झोपवू नये. त्याला त्याच खोलीत, जवळच, पण वेगळ्या कडक आणि सपाट गादीवर ठेवावं. तुमची मुलगी त्या वयातून बाहेर आली आहे, पण हे वाचणाऱ्या एखाद्या घरात नुकतं बाळ आलं असेल, म्हणून लिहितोय.

खोली मोजताना घराच्या नकाशावरचे आकडे वापरू नका. त्यावर बऱ्याचदा प्लास्टरच्या आधीचं माप असतं. प्लास्टर आणि स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) मिळून दोन्हीकडून इंच-दीड इंच सहज जातात, कोपऱ्यातला खांब आणखी काही इंच पुढे येतो. जमिनीलगत एकदा आणि गुडघ्याच्या उंचीवर एकदा, अशी दोन मापं घ्या. पडदा जमिनीपर्यंत येत असेल तर त्याच्या चुण्यांना ४-५ इंच लागतात, ते धरा. विजेची बटणं आणि प्लग हेडबोर्डमागे जात नाहीत ना, ते आधीच बघा.

मग घरातली जुनी वर्तमानपत्रं काढा. पलंगाच्या बाहेरच्या मापाची वर्तमानपत्रं जमिनीवर पसरा, चिकटपट्टीने जोडा आणि दोन दिवस तशीच राहू द्या. त्यांच्यावर पाय न ठेवता कपाट उघडा, केर काढा, कपड्यांची बादली घेऊन जा, रात्री दिवा न लावता दारापर्यंत चाला. कागद सपाट असल्यामुळे माणूस नकळत त्यावरून पाय टाकतो, म्हणून चारही कोपऱ्यांवर खोके किंवा पाटाच्या उंचीच्या वस्तू ठेवा. आधी किंगच्या मापाने करा, मग क्वीनच्या. ज्यांना मी हे करायला लावलं त्यांच्यातल्या अनेकांनी माप बदललं, आणि दोन्ही दिशांनी बदललं. काहींना वाटलं होतं त्यापेक्षा मोठी गादी खोलीत सुखाने मावत होती.

मोठ्या गादीची आणखी दोन कामं असतात, ज्यांचा विचार विकत घेताना कुणी करत नाही. पहिलं, ती घरात आणणं. स्प्रिंगची गादी दुमडत नाही. ७२ बाय ७८ ची अखंड गादी अरुंद जिन्याच्या वळणावर अडते आणि लहान लिफ्टमध्ये जात नाही. फोमची गादी दाबून गुंडाळून येते, तिला हा प्रश्न येताना नसतो, पण एकदा उघडली की घर बदलताना ती पुन्हा तशी गुंडाळता येत नाही. दुसरं, ती फिरवणं. बहुतेक गाद्यांची डोक्याची आणि पायाची बाजू काही महिन्यांनी बदलावी, म्हणजे एकाच जागी खड्डा पडत नाही. ७२ बाय ७८ गादीचा कर्ण १०६ इंच होतो, जवळजवळ ९ फूट. पलंगावर आहे त्या जागी तेवढं वर्तुळ फिरत नाही, डोक्याकडची भिंत आड येते. गादी उभी करूनच फिरवावी लागेल आणि उभी करायला दोन धडधाकट माणसं लागतील. क्वीनचा कर्ण ९८ इंच आहे, तीही उभी करावी लागेल, पण हलकी असल्यामुळे ते काम घरच्या घरी होतं.

मोठीच गादी हवी आणि जिना अरुंद आहे, किंवा एकाला कडक आणि एकाला मऊ लागते, अशा घरी मी ३६-३६ च्या दोन गाद्या एका पलंगावर टाकायला सांगतो. मधली फट वरून एका पातळ थराने झाकता येते. मूल मध्ये झोपत असेल तर मात्र हे नको, कारण ते नेमकं त्या फटीतच जातं. आणि ६० इंचांचे दोन तुकडे करण्यात अर्थ नाही, ३० इंचांच्या सुट्या गाद्या कुठेच धड उपयोगी पडत नाहीत.

चादरींचंही बघून घ्या. ६० इंच रुंदी, दोन्ही बाजूंची ८-८ इंच जाडी आणि खोचायला ६-६ इंच मिळून ८८ होतात. लांबीत तसंच ७८ अधिक २८ म्हणजे १०६. ९० बाय १०८ ची चादर नीट बसते. गादी १० इंच जाड घेतलीत तर रुंदीत ९२ लागतील आणि तीच चादर रोज सकाळी निघालेली दिसेल. तुमच्याकडे आधीच्या क्वीनच्या चादरी असतील तर त्या मोजून ठेवा. लांबी ६ इंचांनी वाढतेय, काही पुरतील, काही नाही.

तेव्हा तुमच्यासाठी माझं माप: ६० बाय ७८ इंच, ८ इंच जाडी, सपाट हेडबोर्डचा आणि पायाकडे फळी नसलेला पलंग, खाली सरकणारा २८ बाय ६० चा छोटा पलंग, आणि जमेल तेव्हा कपाटाला सरकती दारं. खालचा पलंग आत जायला १२-१३ इंच मोकळी उंची लागते, त्यामुळे मोठा पलंग गादीसकट २३-२४ इंचांपर्यंत जाईल. तुमची उंची तुम्ही लिहिली नाही. ५ फूट २ इंचांच्या आत असाल तर गादी ६ इंच जाडीची घ्या, म्हणजे बसल्यावर पाय टेकतील. कोपरांची चाचणी करून दोघांचे आकडे कळवा. दोघांचेही ३३-३४ इंचांच्या वर आले तर मी ६६ इंच रुंदीची गादी मापाने बनवून घ्यायला सांगेन. त्यात पलंग ७० इंचांचा होईल, रात्री खालचा पलंग बाहेर असताना १९ इंचांची वाट राहील, आणि ती तुम्हाला चालते का ते वर्तमानपत्रं पसरून आधी बघावं लागेल.